प्रतिबंधकाभाव : न उघडणारे बॉनेट आणि कारणाचा प्रश्न

प्रतिबंधकाभाव म्हणजे अडथळा नसणे. एखादे कार्य घडायला जी कारणे लागतात त्यांत या ‘नसण्या’चीही गणना करायची की नाही, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. नैयायिकांच्या मते ती करावीच लागते. मीमांसकांना हे पटत नाही. जे मुळात नाहीच ते काही करील कसे, असा त्यांचा सवाल आहे. कार्य घडवणारी आणि अडथळा आला की लोपणारी ‘शक्ती’ ते वेगळी मानतात. वादाचे ठरीव उदाहरण अग्नीचे. अग्नीजवळ एक विशिष्ट मणी ठेवला की तो जाळत नाही, मणी उचलला की पुन्हा जाळू लागतो. असा मणी कोणाच्या पाहण्यात नाही, त्यामुळे आजच्या वाचकाला हा वाद पोथीतच राहिलेला वाटतो. मोटारीचे न उघडणारे बॉनेट मात्र पुष्कळांनी पाहिलेले असते, आणि वादाची जवळजवळ प्रत्येक पायरी त्यावर पक्कड हातात घेऊन तपासता येते.

बॉनेट बंद ठेवणारी यंत्रणा साधी असते. चालकाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डखाली एक लिव्हर असतो. तो ओढला की त्याला जोडलेली पोलादी तार ओढली जाते. ही तार उघडी नसते. ती एका लवचीक नळीतून, गॅरेजच्या भाषेत ‘आउटर’मधून, इंजिनाच्या कडेकडेने ग्रिलच्या मागे जाते. आउटरची दोन्ही टोके पक्की धरलेली असतील तरच आतली तार तिच्यातून सरकते. एखादे टोक क्लिपेतून निसटले की तारेबरोबर आउटरही हलतो आणि ओढ पुढे पोचतच नाही. सायकलच्या ब्रेकलाही हीच केबल असते. अर्नेस्ट बोडन याने १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले म्हणून तिला बोडन केबल म्हणतात. पुढच्या आडव्या पट्टीवर लॉक बसवलेले असते. त्यातला आकडा बॉनेटखालच्या कडीला धरून ठेवतो, आणि एक छोटी खिटी त्या आकड्याला जागेवर अडकवून ठेवते. तार ओढली की खिटी सरकते, आकडा सुटतो आणि स्प्रिंग बॉनेटला बोटभर वर उचलते. त्यानंतर फटीत बोट घालून दुसरी, सुरक्षेची कडी सरकवावी लागते. गाडी वेगात असताना पहिले लॉक सुटलेच तर बॉनेट उडून समोरच्या काचेवर येऊ नये, एवढ्यासाठी ती कडी असते.

या रचनेत एक तार्किक पेच दडलेला आहे. लॉक ज्याला बंद ठेवते त्याच्याच खाली ते स्वतः झाकलेले असते. बिघाड पाहायचा तर बॉनेट उघडायला हवे, आणि बॉनेट उघडायचे तर बिघाड कळायला हवा. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात आणि तो दोष मानतात. येथून सुटण्याचा मार्ग अनुमानाचा. कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान न्यायभाष्यात ‘शेषवत्’ या नावाखाली येते. नदीचा गढूळ लोंढा पाहून वर पाऊस झाला असे ठरवणे, हा त्याचा नमुना. बॉनेटच्या बाबतीत हेतूचे, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे त्या खुणेचे, काम लिव्हर करतो. तो ओढताना हाताला काय जाणवते, यावरून आतले बरेचसे ठरते.

लिव्हर ढिला असेल, ओढताना काहीच विरोध लागत नसेल, तर तार तुटलेली आहे, खाचेतून सुटलेली आहे किंवा लिव्हरचा प्लॅस्टिकचा कान मोडलेला आहे. लिव्हर ताठ असेल, जागचा हलतच नसेल, तर तार शाबूत आहे. पण लॉक गंजले आहे, चिखलाने भरले आहे किंवा आउटरमध्ये तार जाम झाली आहे. कोकणात चार पावसाळे काढलेल्या गाडीत हा प्रकार विशेष. तिसरा प्रकार फसवा असतो. लिव्हर नेहमीसारखा येतो, कधी ‘खट्’ असा आवाजही होतो, पण बॉनेट वर येत नाही. अशा वेळी खिटी पुरती सरकत नसते, किंवा समोरून बसलेल्या छोट्याशा धक्क्याने बॉनेट सरकून कडी आकड्यात तिरकी रुतलेली असते, किंवा उचलणारी स्प्रिंग मेलेली असते.

पहिल्या प्रकाराबद्दल दर्शनांत भांडण होण्याचे कारण नाही. तार हे कारण होते, ते उरले नाही, म्हणून कार्य झाले नाही. भांडण दुसऱ्या प्रकारापासून सुरू होते. तिथे लिव्हर आहे, तार आहे, लॉक आहे, ओढणारा हातही आहे; कारणांची सगळी सामग्री हजर असून कार्य होत नाही. मग कमी काय पडले?

मीमांसकांचे उत्तर असे की, डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू त्याच असल्या तरी त्यांच्यातली न दिसणारी शक्ती गेलेली आहे. ही शक्ती प्रत्यक्षाने कळत नाही. ती मानल्याशिवाय घटनेचा उलगडा होत नाही, म्हणून मानावी लागते. या ज्ञानसाधनाला ते अर्थापत्ती म्हणतात. प्राभाकर मीमांसक तर शक्तीला द्रव्य आणि गुण यांच्या बरोबरीने स्वतंत्र पदार्थाचे स्थान देतात. मण्याने अग्नीची शक्ती नष्ट केली, मणी उचलल्यावर ती पुन्हा उत्पन्न झाली, अशी त्यांची मांडणी.

मिथिलेचा उदयनाचार्य हा दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमाराचा नैयायिक. ‘न्यायकुसुमांजली’ हा त्याचा ग्रंथ ईश्वराच्या सिद्धीसाठी लिहिलेला असला तरी शक्तीच्या वादाला त्याच्या पहिल्याच स्तबकात, म्हणजे प्रकरणात, जागा मिळाली आहे. उदयन म्हणतो, कारणांची यादीच अपुरी केली होती. लिव्हर, तार, लॉक आणि हात यांच्याबरोबर ‘गंज नसणे’ हेही त्या यादीत हवे होते. गंज आला तेव्हा ते एक कारण गळले. सामग्रीच पुरी नव्हती, तर कार्य होणार कोठून? राहिला प्रश्न अभाव काही करू शकतो का, याचा. उदयनाचे त्यावरचे उत्तर तोडीस तोड आहे. मडके फुटले म्हणजे मडक्याचा अभाव उत्पन्न झाला, असे आपण मानतो. अभाव जर कार्य होऊ शकतो, तर कारण होण्याला त्याला कोणती बाधा?

पुढे नव्यन्यायात याला लाघवाच्या युक्तिवादाची जोड मिळाली. गंज खरवडला, बॉनेट उघडले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा अडले, पुन्हा खरवडले, पुन्हा उघडले. शक्ती मानली तर दर वेळी एक शक्ती नष्ट झाली आणि एक नवी जन्मली असे म्हणावे लागते. म्हणजे अनंत शक्ती, त्यांचे अनंत नाश आणि अनंत जन्म. गंज असणे आणि नसणे एवढ्यात जे भागते त्यासाठी हा पसारा कशाला? गॅरेजमधला मिस्त्री या बाबतीत पुरता नैयायिक असतो. तो शक्ती शोधत नाही, काय आड आले ते शोधतो. जोर कमी पडतोय असे समजून लिव्हर दोन्ही हातांनी खेचणारा माणूस मात्र नकळत दुसऱ्या पक्षात जातो आणि बहुधा तार तोडून बसतो. म्हणजे अडथळा होता तिथे खरोखरच एका कारणाचा लोप होतो, आणि दुरुस्ती दुपटीने अवघड होते. मीमांसकांनी असे खेचायला सांगितलेले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

वादाला खरी धार येते ती उत्तेजकामुळे. मीमांसकांनी नैयायिकांना अडवण्यासाठी एक प्रसंग पुढे केला. मणी जागेवरच आहे, पण शेजारी दुसरा मणी, म्हणजे उत्तेजक, आणून ठेवला आणि अग्नी जाळू लागला. प्रतिबंधक हजर असताना कार्य झाले. मग प्रतिबंधकाचा अभाव हे कारण कसे?

अडलेल्या बॉनेटवरचा पहिला उपाय म्हणजे नेमका हाच प्रसंग. एकाने आत बसून लिव्हर ओढून धरायचा, दुसऱ्याने बाहेर उभे राहून बॉनेटच्या पुढच्या काठावर, लॉकच्या बरोबर वर, दोन्ही तळवे ठेवून खाली दाबायचे, किंवा तळव्याने दोन-चार थापा द्यायच्या. उघडायच्या वस्तूवर दाब द्यायचा, हे वरवर उफराटे दिसते. पण रबरी गुटके आणि स्प्रिंग बॉनेटला सतत वर रेटत असतात. त्या रेट्याने आकडा खिटीवर दाबून बसतो, आणि गंजलेली खिटी त्या दाबाखाली सरकत नाही. बॉनेट खाली दाबले की खिटीवरचा भार क्षणभर उतरतो. तेवढ्यात ओढलेली तार तिला सरकवते, आणि दाबणाऱ्याने हात उचलताच बॉनेट टप्पकन वर येते. गंज होता तसाच आहे. त्याचे अडवणे तेवढे थांबले.

नैयायिकांनी ही गोष्ट नाकारली नाही, व्याख्या सुधारली. कारण म्हणजे नुसता प्रतिबंधकाचा अभाव नव्हे, तर उत्तेजक जवळ नसलेल्या प्रतिबंधकाचा अभाव. संस्कृतात हे ‘उत्तेजकाभावविशिष्टप्रतिबंधकाभाव’ अशा एका समासात बसवलेले आहे, आणि तर्कशास्त्राच्या वर्गात त्याने अनेकांना घाम फोडलेला आहे. अर्थ एवढाच : एकटा गंज अडवतो, तळव्याच्या दाबासहित असलेला गंज अडवत नाही, म्हणून ‘एकटा गंज’ नसावा, एवढेच कार्याला लागते. तो दोन तऱ्हांनी नसू शकतो, गंजच नसल्याने किंवा गंज एकटा नसल्याने. अशा संज्ञा चाळायच्या तर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले पंडित भीमाचार्य झळकीकर यांचा ‘न्यायकोश’ अजूनही हाताशी लागतो. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढली.

दुरुस्तीचे बाकीचे उपायही या भेदाने नीट लागतात. ग्रिलच्या फटीतून लांब नळी घालून लॉकवर गंज सोडवणारे तेल मारणे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबणे, हा उत्तेजक आणण्याचा प्रकार आहे. गंज बराचसा तिथेच राहतो, घर्षण कमी होते. बॉनेट उघडल्यावर तारेच्या ब्रशने लॉक घासून काढणे हा प्रतिबंधकाचा नाश. आणि तार तुटलेली असेल, तर यातले काहीच उपयोगी नाही. तिथे कारण पुरवावे लागते. तार लिव्हरपाशी तुटली असेल तर तिचे उरलेले टोक पकडीत घट्ट धरून सरळ मागे ओढतात. लॉकपाशी तुटली असेल तर ग्रिलमधून लांब पेचकस किंवा वाकवलेली सळई घालून खिटीच सरकवतात, नाहीतर चाकावरचे प्लॅस्टिकचे अस्तर काढून किंवा खालून वाट काढतात. गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली शिरणे कोणत्याही दर्शनाला मान्य होणार नाही. खाली भक्कम स्टँड लावलेलेच हवेत.

अभाव कारण आहे हे मान्य केले, तरी कोणता अभाव? न्यायवैशेषिक अभाव चार प्रकारचे मानतात. शोरूममधून आलेल्या नव्या गाडीच्या लॉकवर गंज अजून यायचा आहे, हा प्रागभाव. घासून काढलेल्या लॉकवर गंज होता, तो गेला; हा ध्वंस. प्लॅस्टिकच्या भागावर गंज कधीच नव्हता आणि कधीच यायचा नाही, हा अत्यंताभाव. बॉनेट या सर्व ठिकाणी उघडते. मीमांसक विचारतात की, एकाच कार्याची तीन वेगवेगळी कारणे झाली, मग कारणाचे एक लक्षण राहिले कुठे? नैयायिक तिघांना ‘संसर्गाभाव’ या एका नावाखाली घेतात, म्हणजे ‘इथे ते नाही’ अशा रूपाचा अभाव. चौथा, अन्योन्याभाव, ‘हे ते नव्हे’ अशा रूपाचा असतो. त्याला मुद्दाम बाहेर ठेवलेले आहे, आणि ते योग्यच आहे. लॉक म्हणजे गंज नव्हे, हे विधान लॉक गंजाने पुरते माखलेले असतानाही खरेच असते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. ‘नसणे’ कारण धरायचे, तर बॉनेटवर हत्ती बसलेला नसणे, गाडीवर झाड पडलेले नसणे, असे असंख्य अभाव कारणांच्या यादीत घुसतील. त्यावर उत्तर अन्वय-व्यतिरेकाचे : जे असताना कार्य अडल्याचे आणि नसताना घडल्याचे आढळते, त्याच्याच अभावाला कारण म्हणायचे. हत्ती बसला तर बॉनेट अडेलच, तेव्हा त्याचा अभावही तत्त्वतः कारण आहे. फक्त तो कायम हजर असल्याने कोणी उच्चारत नाही. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रात असेच काहीसे केले आहे. कारण म्हणजे होकारी आणि नकारी अटींची बेरीज, असे म्हणून सगळ्या नकारी अटी त्याने ‘प्रतिबंध करणाऱ्या कारणांचा अभाव’ या एका खात्यात जमा केल्या. ही सोय आहे, समाधान नव्हे. यादी कुठे संपते ते मिल सांगत नाही आणि उदयनही सांगत नाही.

मीमांसकांचा पक्ष सर्वांत बळकट ठरतो तो मेलेल्या स्प्रिंगपाशी. लॉक स्वच्छ आहे, तार शाबूत आहे, खिटी सरकली, आकडा सुटला. तरी बॉनेट वर येत नाही, कारण स्प्रिंगेत दम नाही. ती तुटलेली नाही, गंजलेली नाही, तिच्या आड काही आलेले नाही. दिसायला ती नव्या स्प्रिंगेसारखीच आहे. शक्ती गेली, याखेरीज इथे काय म्हणणार? नैयायिकाकडे यालाही उत्तर आहे, पण ते प्रतिबंधकाभावातून येत नाही, गुणांच्या यादीतून येते. वैशेषिकांनी संस्कार या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन भेद केले. वाकवलेली वस्तू पूर्वस्थितीला नेणारा तो स्थितिस्थापक. वाकवून सोडलेली फांदी सरळ होते ती त्याच्यामुळे. स्प्रिंगेचा हा गुण क्षीण झाला, एवढे म्हटले की पुरे. वेगळा पदार्थ लागत नाही. युक्तिवाद म्हणून हे चोख आहे. तरीही ज्याला मीमांसक शक्ती म्हणत होते तीच गोष्ट गुणांच्या कप्प्यात हलवून नैयायिकांनी वाद जिंकला, ही शंका उरते, आणि ती रास्त आहे.

बौद्ध तार्किकांनी दोघांनाही वळसा घातला. त्यांच्या मते वस्तू क्षणिक आहेत. कोठीतले बी आणि अंकुर फुटण्याच्या क्षणीचे बी ही एकच वस्तू नव्हे. ज्या क्षणी अंकुर फुटतो त्या क्षणीच्या बियालाच कार्य करण्याचे रूप असते, त्याला ते ‘कुर्वद्रूप’ म्हणतात. तसे पाहता अडलेले लॉक आणि उघडलेले लॉक ही दोन वेगळी लॉके ठरतात, आणि अडथळ्याचा प्रश्नच उडतो. पण मग दुरुस्त केले ते काय, हेही सांगता येत नाही.

हा सगळा खटाटोप धर्मविचारात कशासाठी, हे मंगलवादात दिसते. ग्रंथारंभी देवतेला वंदन करायचे ते ग्रंथ पुरा व्हावा म्हणून. पण बाणाच्या ‘कादंबरी’च्या आरंभी मंगलश्लोक असूनही ती त्याच्या हातून पुरी झाली नाही, आणि नास्तिकांचे ग्रंथ मंगलावाचून पुरे होतात. प्राचीन नैयायिक समाप्तीलाच मंगलाचे फळ मानत. नव्य नैयायिकांनी फळ आखडते घेतले. मंगलाने फक्त विघ्नाचा नाश होतो. ग्रंथ पुरा होतो तो बुद्धी, प्रतिभा इत्यादी कारणांनी. दसऱ्याला गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार चढवणाऱ्याने याहून जास्त काही मागितले, तर ते नव्यन्यायाच्या हिशेबात बसत नाही. विघ्नहर्ता विघ्न हरतो. तेल बदलणे मालकाकडे राहते.

योगसूत्रांच्या कैवल्यपादातही हीच दृष्टी आहे. तिसऱ्या सूत्रात शेतकऱ्याचा दाखला येतो. तो एका वाफ्यातले पाणी हाताने उचलून दुसऱ्यात नेत नाही. मधला बांध फोडतो आणि पाणी आपोआप जाते. धर्माचरण प्रकृतीला ढकलत नाही, आड आलेला अधर्म तेवढा बाजूला करते, असे त्यावरचे भाष्य सांगते.

नैयायिकांच्या दृष्टीने मात्र सर्वांत मोठी पणाला लागलेली गोष्ट मोक्ष होती. न्यायसूत्रांच्या दुसऱ्याच सूत्रात त्याचा क्रम दिला आहे. मिथ्याज्ञान गेले की दोष जातात, दोष गेले की प्रवृत्ती, प्रवृत्ती गेली की जन्म, आणि जन्म गेला की दुःख. ही सगळी साखळी अभावांची आहे; एकेक जाणे पुढच्या जाण्याला कारण होते. अभाव कारण होऊ शकत नाही असे ठरले असते, तर न्यायदर्शनाची मोक्षाची वाटच बंद झाली असती. उदयनाने मण्याच्या उदाहरणावर एवढा जोर का लावला, ते इथे कळते.

या मोक्षाची व्याख्या करतानाही अभावाचा भेद कामी आला. ध्वंसाला आरंभ असतो, शेवट नसतो. घासून काढलेला गंज कायमचा गेला. तोच गंज परत येणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात येणारा गंज वेगळा, आणि त्याचा प्रागभाव त्याच लॉकवर आजही बसलेला आहे. म्हणूनच लॉक घासल्यावर पांढरे ग्रीस लावतात, आणि बॉनेट उघडे असतानाच पेचकसाने आकडा दाबून बंद करून, लिव्हर ओढून तो सुटतो की नाही हे पाहतात. ही परीक्षा न करता बॉनेट आपटून लावणे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुःखाचेही तसेच. आजचे दुःख गेले म्हणजे मोक्ष झाला असे नव्हे, कारण तसा दुःखाचा नाश रोजच होत असतो. म्हणून नैयायिकांनी लक्षणात एक अट घातली : ज्या दुःखनाशाबरोबर त्याच आत्म्यात पुढच्या कोणत्याही दुःखाचा प्रागभाव उरलेला नाही, तोच मोक्ष.